मेणखडूची रेघ, वरून जलरंग : सुट्टीतल्या चित्रांचे प्रश्न

सुट्टी सुरू झाली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय ठरलेला असतो : मुलांच्या हाती काय द्यायचं? या खेपेला बरीच पत्रं एकाच खेळाबद्दल आहेत. कागदावर मेणखडूनं चित्र काढायचं आणि वरून पातळ जलरंग फिरवायचा. मेणावर रंग थांबत नाही, त्यामुळे आधी न दिसणारं चित्र उमटून येतं. खेळ सोपा आहे, पण पहिल्या झटक्यात फसणाऱ्यांची संख्याही मोठी आहे. त्यातले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : पांढऱ्या मेणखडूनं चांदण्या काढल्या आणि वरून निळा रंग दिला. चांदण्या लख्ख उठून दिसतील असं वाटलं होतं, प्रत्यक्षात धुरकट आणि अर्ध्यामुर्ध्या उमटल्या. खडू वाईट निघाला का?

खडू बहुतेक ठीक असेल, दाब कमी पडला असणार. कागद गुळगुळीत दिसला तरी त्यावर बारीक खाचा असतात. हलक्या हातानं ओढलेला खडू उंचवट्यांना तेवढा लागतो आणि खाचा मोकळ्या राहतात. कागदाचे तंतू पाणी ओढून घेतात, मेण पाण्याला जवळ करत नाही. म्हणून रंगाचं पाणी त्या मोकळ्या खाचांत शिरतं आणि पांढऱ्या रेघेवर निळे ठिपके दिसू लागतात. धुरकटपणा म्हणजे हेच ठिपके.

उपाय हातात आहे. खडूवरचा कागद सोलून टाका आणि खडू मोडून तीन-चार सेंटिमीटरचा तुकडा करा. लांब खडू जोर दिला की मोडतो, म्हणून मुलं तो जपून चालवतात. तुकड्यावर मात्र बिनधास्त रेटतात. प्रत्येक रेघ दोनदा गिरवायची, एकदा जाताना, एकदा येताना. कागदाखाली वर्तमानपत्रांची गादी नको, टणक पाट हवा. गादीवर कागद दबतो आणि जोर वाया जातो.

पांढऱ्यावर पांढरं काढताना कुठे काढलंय तेच कळत नाही, अशीही तक्रार असते. कागद खिडकीकडे धरून तिरपा करा. मेण लागलेल्या जागा चकाकतात, न लागलेल्या मंद राहतात. रेघ मध्ये तुटली असेल तर तिथेच दिसते. रंग घेण्याआधी ही तपासणी मुलांकडूनच करून घ्या, त्यांना ती गुप्तहेरगिरी वाटते.

आणखी एक. काही मेणखडू पाण्यात विरघळावेत म्हणूनच बनवलेले असतात. त्यांच्या वेष्टनावर तसं लिहिलेलं असतं. ते या कामाला निरुपयोगी, कारण वरून पाणी गेलं की रेघच पसरते. कडक प्लास्टिक खडूंचा थर पातळ बसतो, तेही टाळलेले बरे.

प्रश्न : कागद कोणता घ्यावा? वहीचा चालेल?

वहीचा किंवा छपाईचा कागद साधारण 70-80 जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं वजन इतके ग्रॅम) असतो. पाणी लागताच तो फुगून वळतो, खळगे पडतात, खळग्यात रंग साचतो. चित्रकलेचा जाड कागद, निदान 150 जीएसएम, लहान चित्रांना पुरतो. जलरंगाचा 300 जीएसएमचा कागद सगळ्यात निर्धास्त. पण त्यात फार खरबरीत घेऊ नका. खाचा जितक्या खोल, तितका खडू उड्या मारत जातो. मध्यम किंवा गुळगुळीत पोत बघा.

प्रश्न : घरात पोस्टर कलर आहेत, ते वापरले तर?

पोस्टर कलर अपारदर्शक असतात. डबीतल्यासारखे जाडच लावले तर मेणालाही झाकून टाकतात. ॲक्रिलिकचंही तेच, शिवाय ते मेणावर पापुद्र्यासारखं वाळतं आणि नंतर सुटून येतं. जलरंगच बरे. ट्यूबमधला असेल तर वाटाण्याएवढ्या रंगाला दोन चहाचे चमचे, म्हणजे 10 मिलीलिटर पाणी, इथून सुरुवात करा. वड्या असतील तर पाच मिनिटं आधी प्रत्येक वडीवर पाण्याचे दोन-तीन थेंब टाकून ठेवा, मग रंग पटकन सुटतो.

दाटपणा तपासायला रद्दी कागदावर पेन्सिलनं रेघ मारा आणि वरून रंग लावा. रेघ स्पष्ट दिसली तर रंग बरोबर, झाकली गेली तर पाणी वाढवा. जलरंग वाळल्यावर फिका पडतो, म्हणून ओला असताना हवा त्यापेक्षा किंचित गडद दिसला पाहिजे.

प्रश्न : रंग देताना मुलगी ब्रश घासत बसते. शेवटी कागदाचे लहान लहान गोळे सुटतात आणि मेणही निघतं.

ब्रश लहान असला की घासणं होतंच. एक इंच रुंदीचा चपटा ब्रश द्या, किंवा 12 नंबरचा गोल. कागद पाटावर चिकटवा आणि पाटाच्या वरच्या बाजूखाली दोन-तीन सेंटिमीटर जाडीचं पुस्तक सरकवा. भरलेला ब्रश वरच्या कडेनं एका दमात डावीकडून उजवीकडे न्यायचा. खालच्या काठावर रंगाचा ओला मणी तयार होतो. पुढचा पट्टा त्या मण्याला टेकवूनच ओढायचा. असं खालपर्यंत. शेवटी उरलेला मणी पिळलेल्या ब्रशनं उचलून घ्यायचा, नाहीतर तो मागे सरकून फुलकोबीच्या कडेसारखा डाग पाडतो. एकदा रंग गेला की त्या जागी पुन्हा जायचं नाही, हा नियम मुलांना आधीच सांगा.

मेणावर रंगाचे थेंब बसून राहतात. टिशूचा कोपरा टेकवला की ते निघतात आणि रेघ स्वच्छ होते. आम्ही मात्र ते बहुतेक वेळा राहू देतो. वाळल्यावर चांदणीवर निळी खडी उमटते, ती कोऱ्या रेघेपेक्षा जिवंत दिसते.

प्रश्न : चार वर्षांच्या मुलाला जोर लावता येत नाही. त्याच्यासाठी काय?

ऑइल पेस्टल. त्यात मेणाबरोबर न वाळणारं तेल असतं. त्यामुळे तो मऊ असतो आणि थोड्या दाबातही जाड थर सोडतो. हातांना मात्र लागतो, आणि हातावरचं तेल कागदाला. मग कोऱ्या जागेतही बोटांचे ठसे रंग घेत नाहीत. हाताला क्रीम लावून बसलं तरी हेच होतं. बाजूला ओला रुमाल ठेवा. चित्र न काढता नुसत्या रेघोट्या मारू द्या. या वयात रंग फिरवल्यावर रेघा 'बाहेर येणं' हीच खरी गंमत असते. मोठ्यांनी चित्र काढून द्यायचं आणि मुलानं फक्त रंग फिरवायचा, ही पद्धत आम्हाला पटत नाही. लपवलं त्यानं नाही, तर सापडल्याचा आनंद कसला?

न पेटवलेल्या मेणबत्तीचा तुकडाही चालतो. तीनपेक्षा लहान मुलांसमोर मात्र छोटे तुकडे ठेवू नका, थेट तोंडात जातात.

प्रश्न : सुट्टीच्या शिबिरात 16 मुलं आणि दीड तास आहे. प्रत्येकानं शुभेच्छापत्र करावं असं मनात आहे. वेळ कसा बसवायचा?

शुभेच्छापत्रावर थेट चित्र काढायला लावू नका. छोट्या कागदावर मुलं आखडून जातात, आणि एक चूक झाली की रडारड. त्याऐवजी दोन मुलांत एक ए-3 कागद द्या. पहिली 25 मिनिटं खडूकाम : पानं, लाटा, पाऊस, गोल, जाळी, काहीही, फक्त कागद गच्च भरला पाहिजे. पुढची 15 मिनिटं रंग. मग वाळवायला अर्धा तास. तेवढ्यात ए-5 आकाराचा जाड कागद मधोमध दुमडून आतला मजकूर लिहून होतो.

चित्र वाळलं की त्याचे तुकडे करायचे. ए-3 मधून ए-6 चे आठ तुकडे निघतात, म्हणजे दोन मुलांना आठ शुभेच्छापत्रं. प्रत्येक तुकडा चारही बाजूंनी पाच मिलिमीटर कापून 9.5 × 13.8 सेंटिमीटर करा, म्हणजे दुमडलेल्या पत्रावर चिकटवल्यावर भोवती नेटकी कोरी पट्टी राहते. कुठला भाग उचलायचा हे पोस्टकार्डाएवढी खिडकी कापलेला पुठ्ठा चित्रावर फिरवून मुलांना ठरवू द्या. फसलेल्या चित्रातही एखादा तुकडा सुरेख निघतोच.

रंग ब्रश बुडेल अशा रुंद तोंडाच्या वाट्यांत आधीच कालवून ठेवा, चार मुलांत एक संच. हेअर ड्रायर लावून घाई करू नका. मेण गरम झालं की मऊ पडतं आणि रेघा पसरतात.

प्रश्न : दोन रंग एकत्र आले की चिखल होतो.

रंगचक्रात शेजारी असणारे रंग घ्या : निळा आणि हिरवा, पिवळा आणि नारिंगी, गुलाबी आणि जांभळा. समोरासमोरचे रंग, म्हणजे नारिंगी आणि निळा किंवा लाल आणि हिरवा, ओले असताना मिसळले की तपकिरी-करडा होणारच. एका कागदाला दोन रंग, फार तर तीन. आणि पाण्याची भांडी दोन ठेवा, एक ब्रश धुवायला, एक स्वच्छ पाणी घ्यायला.

प्रश्न : मास्किंग टेपनं झाडांची खोडं कोरी ठेवली होती. टेप काढताना कागदाची साल निघाली.

टेप ओल्या कागदावरून काढली असणार. वरून कोरडा वाटला तरी कागद आत दमट असतो, हाताची मागची बाजू लावली की गार लागतो. गार लागत नाही तोवर थांबा. मग टेप वर न खेचता तिच्याच अंगावर मागे दुमडत, कागदाला लागून, सावकाश ओढा. लावण्याआधी टेप एकदोनदा कपड्यावर चिकटवून काढली तर तिची पकड कमी होते. रंग टेपखाली शिरू नये म्हणून कडा नखानं घट्ट दाबा.

प्रश्न : मिठानं बर्फासारखी नक्षी येते असं ऐकलं. आमचं मीठ नुसतं विरघळून गेलं.

रंगाचं डबकं होतं, म्हणून. वेळ साधावी लागते. ओल्या रंगाची आरशासारखी चमक मावळायला लागते त्या क्षणी जाडं मीठ चिमटीनं विरळ टाकायचं. प्रत्येक खडा भोवतालचं पाणी ओढतो, पाण्याबरोबर रंग सरकतो आणि फिकट तारा उरतो. चमक पुरती गेल्यावर टाकलं तर काहीच होत नाही. पूर्ण वाळल्यावर मीठ कोरड्या ब्रशनं झाडा.

प्रश्न : मास्किंग फ्लुइड, म्हणजे जागा कोरी राखायला कागदावर लावायचं द्रव, मुलांना द्यावं का?

लहानांना नको. बहुतेकांत रबराचा चीक आणि अमोनिया असतो. वास उग्र, ब्रश कायमचा चिकटतो, आणि लॅटेक्सची ॲलर्जी असलेल्यांना ते चालतच नाही. फेविकॉलसारख्या पांढऱ्या गोंदाची रेघ रात्रभर वाळू दिली तर तीही रंग अडवते, वर उठून दिसते ते वेगळंच. कागदावर ती कायम राहते, एवढं लक्षात ठेवा.

प्रश्न : रेघा पांढऱ्याच हव्यात असं नाही ना? पिवळ्या, नारिंगी रेघा आणि मागे गडद आकाश, असं करता येईल?

रंगीत खडूनं तर होईलच, पण खरी मजा थर चढवण्यात आहे. आधी सगळ्या कागदावर फिकट पिवळा रंग, पूर्ण वाळू द्या. जे पिवळं राहायला हवं त्यावर बिनरंगी मेण, म्हणजे मेणबत्ती. मग नारिंगी, वाळू द्या, नारिंगी राखायच्या जागी मेण. शेवटी गडद जांभळा. फिक्याकडून गडदकडेच जावं लागतं. बाटिकमध्ये कापडावर होतं ते हेच, तिथे रंग कापडात मुरतो आणि मेण नंतर काढून टाकतात. ओल्या कागदावर मेण धरत नाही, उलट कागद फाटतो. म्हणून थरांमध्ये धीर धरा. दर वेळी अर्धा तास गेला तरी चित्र एका दुपारी होतं.

प्रश्न : मी नववीत आहे. मेणखडू हे बालवाडीचं काम, असं दादा म्हणतो. खरं का?

दादाला हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराची चित्रं दाखव. दुसऱ्या महायुद्धात 1940-41 मध्ये लंडनवर बॉम्ब पडत होते, तेव्हा लोक भुयारी रेल्वेच्या फलाटांवर रात्र काढत. त्या झोपलेल्या माणसांची चित्रं मूरनं मेणखडू आणि जलरंगानं केली. ही रीत त्याला योगायोगानं सापडली होती, नात्यातल्या एका छोट्या मुलीसाठी तिच्याच स्वस्त खडूंनी चित्र काढताना. फिक्या मेणाच्या रेघांनी पांघरुणांच्या घड्या उजळायच्या, त्यावर गडद रंग, आणि पेन-शाईनं आकृत्या पक्क्या करायच्या. तूही करून बघ. फक्त रंग पुरता वाळल्यावरच पेन चालव, आणि मेणावरून नेऊ नकोस. तिथे शाई धरत नाही आणि निबात मेण अडकतं. अडकलंच तर निब गरम पाण्यात बुडवून फडक्यानं पूस.