घरी साबण करताना अत्तर आणि केकचा रंग घातला तर चालेल का?

तुम्ही विचारलंय की दिवाळीत नातेवाइकांना द्यायला साबण, पाय शेकायचं मीठ आणि अंगाला लावायचं तेल घरीच करायचंय. घरात अत्तराच्या बाटल्या आणि केकचा रंग पडून आहे, तोच वापरला तर चालेल का? आधी थेट उत्तर देते. रंग मिठात चालेल, साबणात तो एका जागी राहणार नाही आणि तेलात तर विरघळणारच नाही. अत्तर मात्र यातल्या कशातच घालू नका.

मी गेली नऊ वर्षं घरच्यांसाठी आणि भाऊबीजेला द्यायला साबण करते. पहिल्या वर्षी माझी वासातच चूक झाली. दालचिनीचं तेल थेंब मोजून घातलं. ढवळता ढवळता नाक मरतं, वास येईनासा होतो, म्हणून आणखी घातलं. नणंदेच्या दोन्ही हातांवर लाल चट्टे उठले. दालचिनीचं तेल त्वचेला फार बोचतं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. पुढे एका दुकानदाराने 'लव्हेंडर' म्हणून दिलेली बाटली मेणबत्तीत घालायची निघाली. तेव्हापासून बाटलीवर 'त्वचेसाठी' असं लिहिलेलं नसेल तर मी ती घेत नाही, आणि वास ग्रॅममध्ये मोजते. पाव ग्रॅम दाखवणारा छोटा वजनकाटा घ्या. साच्यांवर खर्च करण्याआधी त्यावर करा.

साबणाचा तयार बेस मिळतो, तो पाण्यावर ठेवून वितळवायचा (थेट आचेवर नको, तळाला लागतो). 500 ग्रॅम बेसला 5 ग्रॅम सुगंधी तेल म्हणजे 1 टक्का. मी त्यावर जात नाही, आणि तान्ह्या बाळासाठीच्या साबणात वास घालतच नाही. बेस वितळला की लगेच वास ओतू नका, उडून जातो. 55 अंशांच्या आसपास येऊ द्या, साय धरायला लागायच्या जरा आधी. अत्तराला नाही म्हणते ते याच हिशेबामुळे. बाजारातल्या अत्तराच्या बाटलीत सुगंध किती आणि तो कशात मिसळलाय, हे लिहिलेलं नसतं, मग टक्का काढणार कसा? फवाऱ्याचा सेंट तर गॅसजवळ नेऊच नका, त्यात अल्कोहोल असतं, ते पेट घेतं.

आता रंग. केकचा रंग पाण्यात विरघळणारा असतो, म्हणून साबणात तो सरकतो. गुलाबी आणि पांढरा असा दोन थरांचा साबण केलात तर काही दिवसांत पांढरा थरही गुलाबी झालेला दिसेल. एकरंगी साबण असेल तर अगदी थोडा घातलेला चालून जातो. थर हवे असतील तर सौंदर्यप्रसाधनांसाठीचा मायका (अभ्रकाची रंगीत पूड) घ्या, तो जागचा हलत नाही. होळीचे रंग आणि रांगोळी कितीही सुंदर दिसोत, त्यांना हात लावू नका.

स्वयंपाकघरातले रंग वापरायचे तर साबणाचा अल्कली गुण लक्षात ठेवा. कपड्यावरच्या हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो ना? कुंकूही हळदीला चुन्यासारखं काहीतरी अल्कली लावूनच लाल करतात. तयार बेस न घेता तेल आणि कॉस्टिक सोड्यापासून केलेल्या साबणात हळद तशीच विटकरीकडे झुकते, आणि बीट मळकट तपकिरी होतं. माझी आवडती रतनजोत, एका झुडपाचं रंग देणारं मूळ. खोबरेल तेलात तिच्या सालीचे तुकडे मंद आचेवर कोमट करून रात्रभर ठेवले की तेल माणकासारखं लाल होतं. तेच तेल साबणात गेलं की जांभळं! तुमच्या अंगाच्या तेलासाठी रंग म्हणून हाच वापरा, गाळून. डाग मात्र पडतात, तेव्हा भेट देताना जुना टॉवेल घ्यायला सांगा.

मिठाच्या बाबतीत बहुतेकजण फसतात ते इथे: मिठावर सुगंधी तेलाचे थेंब टाकून पिशवी हलवली की मिसळलं असं वाटतं. टबात मीठ विरघळतं आणि तेल मात्र वर तरंगतं, तेच निखळ तेल पायाला चिकटतं. तेल आधी पॉलिसॉर्बेट 20 मध्ये (तेल पाण्यात मिसळायला लावणारं द्रव्य) एकजीव करून मग मिठाला चोळा. ते मिळत नसेल तर बिनवासाचं मीठ द्या आणि वाळलेल्या गुलाबपाकळ्या घाला.

गुलाबजल किंवा कोरफडीचा ताजा गर कशात घालायचा विचार असेल तर सोडून द्या. पाणी आलं की बुरशी आली, आणि संरक्षक द्रव्याची मात्रा हा नवशिक्याने घरी करायचा प्रयोग नाही. लिंबाचं दाबून काढलेलं तेलही अंगाच्या तेलात नको. ते लावून उन्हात गेलं तर कातडी भाजल्यासारखी होते. उटण्यात काहीजण बावची घालतात, तिचाही तोच गुण.

दिवाळीनंतर मैत्रिणी 'विकत देशील का' म्हणतील, मलाही म्हणाल्या. विकायला बनवायचं तर 2020 च्या सौंदर्यप्रसाधने नियमांप्रमाणे परवाना लागतो, महाराष्ट्रात तो अन्न व औषध प्रशासनाकडे. भेट देताना प्रत्येक वडीवर काय काय घातलंय याची चिठ्ठी मात्र जरूर लावा.

वेळेचं म्हणाल तर तयार बेसचा साबण आठवडाभर आधी केला तरी पुरतो. साच्यातून काढल्या काढल्या प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळा, नाहीतर कोकणातल्या नि मुंबईच्या दमट हवेत बेसमधलं ग्लिसरीन ओलावा ओढतं आणि वडीला घाम सुटतो. कॉस्टिकचा करणार असाल तर चार ते सहा आठवडे मुरायला लागतात, म्हणजे नवरात्राच्याही आधी हात घालायला हवा. यंदा बेसनेच सुरुवात करा. पहिला घाणा 250 ग्रॅमचाच करा, एक वडी स्वतः वापरा, कोपराच्या आतल्या बाजूला फेस लावून धुवा आणि दोन दिवस बघा. खाज आली नाही तर पुढचा घाणा लावा.