उकिरड्याला उगाच बदनाम करू नका

विचारणा अशी आहे: ‘पालिकेच्या कागदांत क्षेपणभूमी, एखाद्या अहवालात भरावभूमी, लोकांच्या तोंडी कचरा डेपो. तिन्ही एकच का? आणि सरळ उकिरडा म्हटलं तर काय बिघडतं?’

तिन्ही एक नाहीत. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत दोन गोष्टी वेगळ्या काढलेल्या आहेत. भरावभूमी म्हणजे पाणी, हवा नासू नये म्हणून बंदोबस्त करून बांधलेली जागा. ज्याचं खत होत नाही, जे जळत नाही, पुन्हा वापरात येत नाही, असं शेवटी उरलेलं तेवढंच तिथे पुरायचं. यातलं काही न पाळता गाड्या नुसत्या रित्या करायच्या ते डम्पिंग ग्राउंड. त्यालाच क्षेपणभूमी म्हणतात. हा शब्द मला मुळीच पटत नाही, ऐकणाऱ्याला आधी क्षेपणास्त्र आठवतं. लोक कचरा डेपो म्हणतात, तेच लिहा.

पण उकिरडा? बिघडतं, फार बिघडतं. ‘शहराचा उकिरडा झाला’ हे बातम्यांत रोज ऐकतो आणि रोज चिडतो.

या शब्दाचं कूळ बघा. संस्कृत ‘उत्कर’, प्राकृतात ‘उक्कुरुड’, तिथून आपला उकिरडा. आणि हा उत्कर कुठला? यज्ञभूमीवरचा! दर्शपूर्णमासात, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या यज्ञात, वेदी खणताना निघालेली माती, गवत, काडीकचरा टाकायला वेदीच्या उत्तरेला जागा ठरवलेली असते, तिचं नाव उत्कर. लाकडी स्फ्य, म्हणजे तलवारीसारखं यज्ञातलं हत्यार, हातात धरून आग्नीध्र नावाचा ऋत्विज त्या उत्कराजवळच उभा राहतो आणि अध्वर्यू या दुसऱ्या ऋत्विजाच्या हाकेला तिथूनच ‘अस्तु श्रौषट्’ असं उत्तर देतो. टाकाऊ गोष्टींची जागा काम सुरू होण्याआधी ठरलेली, तीही वेदीच्या शेजारी. कचरा नियोजन म्हणतात ते आणखी वेगळं काय असतं?

कोंबड्या उकरतात म्हणून उकिरडा, असं काही जाणकार ठासून सांगतात. साफ चूक. ‘उकरणे’ आणि ‘उकिरडा’ दोन्ही ‘उद् + कॄ’ (वर टाकणे, उधळणे) या एकाच संस्कृत धातूच्या घरचे. ती भावंडं आहेत; एकाला दुसऱ्याचा बाप ठरवणं म्हणजे व्युत्पत्ती नव्हे. याच ‘कॄ’चे आणखी दोन वंशज अमरकोशात झाडूशेजारीच बसलेत: ‘संकर’ आणि ‘अवकर’, दोन्हींचा अर्थ केर. संकर म्हणजे सरमिसळही. ओलं-सुकं एकत्र झालं की त्याचा केर होतो, हे मला त्या एका शब्दात दिसतं. हा माझा तर्क, पण मी तो सोडणार नाही.

आजोळी गोठ्यामागे उकिरडा होता. शेण, चुलीतली राख, गुरांनी टाकलेली वैरण, भाजीची देठं. वैशाखात मामा तो फोडायचा. वरचा कोरडा थर फावड्याने निघाला की आतून वाफ यायची आणि काळंभोर, भुसभुशीत खत दिसायचं. पाट्या भरभरून बैलगाडीत पडायच्या आणि पावसाआधी ते शेतात पसरलेलं असायचं. फुटकी बरणी चुकून जरी त्यात टाकली तरी आजी ओरडायची, ‘अगं, रानात कुणाच्या तरी पायात जाईल!’

‘बारा वर्षांनी उकिरड्याचीही दैना फिटते’ अशी म्हण आहे. उकिरडा कधीतरी उपसला जातो हे त्यात गृहीत आहे. मुंबईतल्या देवनारच्या कचरा डेपोत १९२७ पासून कचरा पडतोय. जानेवारी २०१६ मध्ये तो पेटला तेव्हा मुंबईभर धूर पसरला. अशा डोंगराला उकिरडा म्हणणारा माणूस एक तर उकिरडा विसरलाय किंवा त्याने तो कधी पाहिलेलाच नाही.

उकिरडा हा शब्द द्यायचाच असेल तर सोसायटीतल्या कंपोस्ट पिटला द्या. आमच्या इमारतीमागे विटांचे दोन हौद आहेत, त्यांवर मी खडूने तेच लिहून ठेवलंय: उकिरडा १, उकिरडा २.