कारखान्यातले जुने ऑपरेटर मशीनशेजारचा टॅब वापरायला टाळाटाळ का करतात?

'टाळाटाळ' हा शब्द खटकला म्हणून लिहितोय. भोसरीत सीएनसी लेथवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या, धातू कापायच्या मशीनवर) आधी ऑपरेटर, मग सेटर, म्हणजे मशीन कामाला लावून देणारा, अशी माझी १९ वर्षं गेली.

मशीन थांबलं की कारण टॅबवर टाकायचं, असा नियम आमच्याकडे आला. सायकल टाइम, म्हणजे एक जॉब (सुटा भाग) व्हायला लागणारा वेळ, ७० सेकंद, एका माणसाकडे दोन मशीन. तेवढ्यात जॉब काढायचा, बर (कडेला राहिलेली धातूची कूस) घासायची, गेज लावून माप बघायचं, दुसरा जॉब चढवायचा. हात सतत कूलंटने, म्हणजे मशीन गार ठेवायच्या पाण्याने, ओले. टॅबची काच मोबाइलसारखीच, कपॅसिटिव्ह, म्हणजे उघड्या बोटाचा स्पर्श ओळखणारी. तिच्यावर थेंब पडला की भलतंच बटण लागतं आणि साध्या हातमोज्याने काहीच लागत नाही. म्हणजे हातमोजा काढा, चिंधीला हात पुसा आणि चौदा कारणांच्या यादीत आपलं शोधा.

आमचे एक काका नुसत्या आवाजावरून इन्सर्ट (टूलचं कापणारं टोक) गेला म्हणून सांगायचे. ते थांब्याची वेळ वहीत लिहायचे आणि शिफ्ट सुटताना टॅबवर भरायचे. पोरं मात्र यादीतलं पहिलंच कारण दाबून मोकळी व्हायची: 'टूल चेंज'. महिनाअखेर रिपोर्टात तेच सगळ्यात वर. साहेबांनी त्यावरून महागडे इन्सर्ट मागवले आणि भर मीटिंगमध्ये काकांना म्हणाले, "तुम्हाला टेक्नॉलॉजी झेपत नाही." खरा वेळ जात होता मटेरियलची वाट बघण्यात. काकांच्या वहीत ते तारीखवार होतं. मी वही पुढे केली, साहेबांनी उघडलीसुद्धा नाही. त्या दिवसापासून काका मीटिंगमध्ये तोंड उघडेनासे झाले.

२०१७ मध्ये सिंगापूरजवळ अमेरिकी नौदलाची 'जॉन एस. मॅकेन' ही युद्धनौका तेलवाहू जहाजाला धडकली, १० खलाशी गेले. चौकशीत प्रशिक्षण कमी पडल्याचं निघालं, तसाच टचस्क्रीनवरच्या नियंत्रणांचा गोंधळही. पुढे नौदलाने हाताने ढकलायचे थ्रॉटल (वेग कमी-जास्त करायचे दांडे) परत बसवायचं ठरवलं. एवढ्या मोठ्या नौदलाला यंत्र बदलावंसं वाटलं, आमच्या साहेबांना माणूस बदलायचा होता.

तुम्ही सुपरवायझर असाल तर एक अख्खी शिफ्ट स्वतः मशीनवर उभे राहा. कारणं पाचच ठेवा, बटणं अंगठ्याएवढी करा, नंतर भरायची सोय द्या. टॅब वाईट नाही. ड्रॉइंग मोठं करून बघायला काकांनाही तो आवडायचा. पण रिपोर्टवरून खरेदी करण्याआधी ऑपरेटरकडची वही मागून घ्या आणि दोन्हींचे आकडे ताडून बघा.