टेक्स्टाइल सोडू नकोस

प्रश्न : मी टेक्स्टाइल इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सेन्सर असलेले कपडे आणि माणसासोबत काम करणारे रोबो यांवर संशोधन करायची इच्छा आहे. पण तिथे सगळे इलेक्ट्रॉनिक्स नाहीतर कॉम्प्युटरवालेच दिसतात. शाखा बदलू का?

उत्तर : अजिबात नको. ज्या शिक्षणाचा तुला कमीपणा वाटतोय, त्याचीच या क्षेत्रात वानवा आहे.

चांदीचा मुलामा दिलेल्या, म्हणजे वीज वाहून नेणाऱ्या नायलॉनच्या धाग्याने निटिंग केलं, की कापड ताणल्यावर त्याचा रेझिस्टन्स, म्हणजे विजेला होणारा विरोध, बदलतो. कारण विणीतले धाग्याचे फास एकमेकांना कुठे आणि किती टेकतात, ते बदलतं. झाला कोपराचा सेन्सर! कागदावर तरी. प्रत्यक्षात ताण सोडला तरी आकडा लगेच मूळ जागी येत नाही, घर्षणामुळे फास अडकून बसतात. हेच ते हिस्टेरेसिस. त्यात घामाची आणि धुलाईची भर. आता या बाहीच्या भरवशावर रोबो कुणाच्या हाताला आधार देणार असेल, तर कोपर खरंच सरळ झालं की नुसतंच कापड सैल पडलं, हे त्याला कळायला नको? अंदाज चुकला, तर जोर भलत्याच वेळी लागतो. सॉफ्टवेअर थोडंफार सावरून घेतं, पण धागा, टाक्यांची घनता, इलास्टेन या ताणल्या जाणाऱ्या तंतूचं प्रमाण बदलून बराचसा दोष मुळातच आटोक्यात आणता येतो. ते काम तुझं.

२०१९ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात ५४८ सेन्सरांचा हातमोजा मांडला. तो घालून २६ वस्तू हाताळल्या आणि नुसत्या दाबाच्या नोंदींवरून कॉम्प्युटरला वस्तू ओळखायला शिकवलं. हातमोजा विणलेलाच होता, सेन्सरना जोडणारे इलेक्ट्रोड म्हणून वाहक धागेच होते. हा पेपर मिळवून वाच. गणित डोक्यावरून गेलं तरी चालेल.

प्राथमिक इलेक्ट्रॉनिक्स, पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा आणि संख्याशास्त्र मात्र शिकावंच लागेल, त्यातून सुटका नाही. शिकता शिकता एक प्रयोग कर. वाहक धाग्याची पट्टी विण, एका ठरावीक रेझिस्टरशी जोडून मायक्रोकंट्रोलरवर, म्हणजे छोट्या कॉम्प्युटर-चिपवर, व्होल्टेज मोज. शंभरदा ताण, सोड. मग धू, वाळव, पुन्हा मोज. धुण्याआधीचा आणि नंतरचा, दोन्ही आलेख शेजारी ठेव.

नोकऱ्यांचं म्हणशील, तर असे कपडे बाजारात गाजावाजा करून येतात आणि गुपचूप बंदही होतात. घरच्यांना हे आधीच सांगून ठेव. पदव्युत्तर प्रवेशासाठी कोर्सचं भारदस्त नाव पाहू नकोस. तिथल्या प्रयोगशाळेत निटिंग मशीन आहे का आणि माणसांवर चाचण्या घ्यायची नैतिक समितीची परवानगी त्यांनी कधी मिळवली आहे का, हे विचार. प्राध्यापकांना मेल पाठवताना ते दोन आलेख जोड, बिघडलेले असले तरी.