तानपुरा फाटतो, खर्ज गायब

प्रश्न: प्युअर डेटा या ठोकळे जोडून आवाज घडवायच्या सॉफ्टवेअरमध्ये काळी एक पट्टीचा तानपुरा रचलाय. चार ‘ऑस्क~’ (तरंग काढणारे ठोकळे) एका ‘*~’मधून (गुणाकार) ‘डॅक~’ला (स्पीकरकडची वाट), आवाजाला स्लायडर. आवाज फाटतो, स्लायडर हलवताना टकटक होते आणि खर्जाचा, म्हणजे सर्वांत खालचा, सा ऐकूच येत नाही. नवं साउंडकार्ड घेऊ का?
– एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर: साउंडकार्ड नको, एमजी रोडच्या बाजाराची चक्कर वाचवा. प्रत्येक ‘ऑस्क~’ उणे १ ते १ एवढा झुलतो. चौघांची बेरीज ४ पर्यंत जाते, आणि ‘डॅक~’ १ च्या पुढचं सपाट छाटतो. त्यात स्लायडरची कमाल मर्यादा मुळात १२७! गुणधर्मांत जाऊन ती ०.२ करा.

टकटक वेगळी. स्लायडरचा आकडा उडी मारतो, ती उडी तरंगात पायरी होऊन कानाला लागते. स्लायडरखाली ‘$१ २०’ असा मेसेज (‘$१’ म्हणजे स्लायडरचा आकडा), त्याखाली ‘लाइन~’ (आकडा हळूहळू सरकवणारा ठोकळा), आणि ते ‘*~’च्या उजव्या इनलेटला, म्हणजे आत येणाऱ्या जोडणीला. आता प्रत्येक बदल २० मिलिसेकंदांत सरकत होईल. मात्र ‘*~’मध्ये आकडा लिहिलेला नको, लिहिलात तर त्या इनलेटला सिग्नल जोडताच येत नाही. निम्मे लोक इथेच अडकतात.

खर्जाचा सा सुमारे ६९ हर्ट्झ. लॅपटॉपच्या इवल्या स्पीकरकडून ती अपेक्षा नको, हेडफोन लावा. शिवाय ‘ऑस्क~’च्या नुसत्या साध्या साइन तरंगाला जवारी, म्हणजे तानपुऱ्याची ती भरदार गुंज, कुठून येणार? दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे ‘ऑस्क~’ हळू आवाजात मिसळा. मग लॅपटॉपवरही कान खर्ज ओळखतो. बेरीज वाढेल, तेव्हा मर्यादा आणखी उतरवा.