रेव्हरंड ना. वा. टिळक ख्रिस्ती कसे झाले आणि पुढे धर्मसेवेत कसे आले?

सुरुवात १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात झाली. एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना बायबलमधला नवा करार भेट दिला. त्यातल्या येशूच्या डोंगरावरील प्रवचनाने टिळक पार भारावून गेले. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. घरात आकांत झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या, मग टिळकांकडे नगरला (अहमदनगर, आताचं अहिल्यानगर) आल्या आणि पुढे स्वतःही ख्रिस्ती झाल्या.

नगरला टिळक धर्मशिक्षणाच्या विद्यालयात शिकवत. १९०४ मध्ये पाळकपदाची, म्हणजे चर्चच्या धर्मगुरुपदाची, दीक्षा मिळाली. पण मला त्यांचं मोठं काम वाटतं ते भजन-कीर्तनाचं. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो, असं ते मानत. त्यांची भजनं मराठी चर्चमध्ये आजही गातात. १९१७ मध्ये अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा बंधुसंघ सुरू केला.