मीटलोफच्या बाजूला काय वाढाल?

तुमचा प्रश्न असा आहे: नुकतेच ओहायोत राहायला आलात, रविवारी सहा माणसांचं जेवण आहे, शेजारचं अमेरिकन जोडपं येणार म्हणून मीटलोफ, म्हणजे पावाच्या आकारात भाजलेला खिमा, करायचं ठरवलंय, ओव्हन एकच आहे, पुण्याहून आलेल्या सासूबाई शाकाहारी आहेत, आणि सोबत काय करावं ते सुचत नाही. भात चालेल का, असंही विचारलंय. मी पेनसिल्व्हेनियात राहते आणि थंडीत आमच्याकडे मीटलोफ वरचेवर होतो, तेव्हा जरा सविस्तरच लिहिते.

आधी एक ठरवा: मीटलोफला केचपचं ग्लेझ, म्हणजे वरून फासायचा थर, लावणार की वाढताना वरून ग्रेव्ही ओतणार? बाकीचं ताट यावर ठरतं. केचप, ब्राउन शुगर आणि व्हिनेगरचं ग्लेझ भाजल्यावर चकचकीत, चिकट आणि गोडसर होतं. त्याच्या शेजारी मधात परतलेली गाजरं, मका, रताळं असं काही आलं की सगळं जेवण गोडाकडे झुकतं. ग्रेव्ही असेल तर मात्र तीच गाजरं फार छान लागतात.

मग आपलं पान डोळ्यांपुढे आणा. वरण-भात मऊ, म्हणून डावीकडे लिंबू, लोणचं, कोशिंबीर असते. मीटलोफ म्हणजे खिम्यात दुधात भिजवलेला पाव, अंडं, कांदा घालून भाजलेला जड, मऊ, स्निग्ध पदार्थ. त्यात करकरीत काही नाही, आणि आंबटपणा आला तर तो ग्लेझपुरताच. तरीही कितीतरी घरांत त्याच्यासोबत मॅश्ड पोटॅटो (कुस्करलेला बटाटा) आणि मॅक अँड चीज (चीजच्या सॉसमधली मॅकरोनी) असे आणखी दोन मऊ पदार्थच येतात, आणि अर्ध्या जेवणातच खाणाऱ्याला जड होतं. माझ्या मते या ताटाला खरी गरज डाव्या बाजूची आहे. रस शोषून घेणारं एक, दाताखाली येणारं एक आणि आंबट एक, एवढं केलंत तरी पुरे.

बटाटा, गाजर, कोबी हीच जोडी का रुळली, यालाही कारण आहे. १९३० च्या दशकातल्या महामंदीत मांस परवडत नव्हतं. थोड्या खिम्यात शिळा पाव किंवा ओट्स मिसळले की तेवढ्याच खिम्यात जास्त माणसं जेवायची. सोबतीला तळघरात हिवाळाभर टिकणाऱ्या भाज्या किंवा डब्यातली फरसबी असायची. म्हणून या जेवणात महागड्या, नाजूक भाज्या मला शोभत नाहीत. शतावरीवर, म्हणजे इथल्या ॲस्परॅगसवर, पैसे घालवू नका.

मॅश्ड पोटॅटो कराच. त्यांना दुसरा पर्याय मी सुचवणार नाही, पण ते नीट करा, कारण शेजारी सगळ्यात आधी तेच चाखतील. सहा जणांना ३ पाउंड, म्हणजे साधारण १.३५ किलो बटाटे घ्या. युकॉन गोल्ड मिळाले तर उत्तम, त्यांना स्वतःचीच लोण्यासारखी चव असते. रसेट घेतलेत तर मऊ, भुसभुशीत होतील. सोलून मोठे तुकडे करा आणि गार पाण्यातच मीठ घालून चढवा. उकळत्या पाण्यात टाकले तर बाहेरून गळतात आणि आत कच्चे राहतात. शिजल्यावर पाणी पूर्ण काढून त्याच गरम भांड्यात दोन मिनिटं मंद आचेवर ठेवा, म्हणजे उरलेली वाफ निघून जाईल. मग पावभाजीच्या मॅशरने कुस्करा. मिक्सर किंवा फूड प्रोसेसर अजिबात नको. पात्याने बटाट्यातला स्टार्च मोकळा होतो आणि खळीसारखा चिकट गोळा तयार होतो. आधी लोणी, एक स्टिक म्हणजे ११३ ग्रॅम, आणि ते जिरल्यावर कोमट दूध, साधारण कपभर. मीठ चाखून घाला. हिरवी मिरची, जिऱ्याची फोडणी यांचा मोह होईल, पण या बटाट्याचं काम शेजारचा रस आणि ग्रेव्ही टिपून घेणं हे आहे, तेव्हा तो साधाच ठेवा.

ग्रेव्हीबद्दल सुचवते: मांसाच्या रसाची न करता मशरूमची करा. लोण्यात कांदा आणि मशरूम चांगले तपकिरी होईपर्यंत परता, दोन चमचे मैदा भाजा, भाज्यांचा स्टॉक घाला, शेवटी थोडा सोया सॉस. सगळ्या टेबलाला एकच ग्रेव्ही चालते आणि सासूबाईंसाठी वेगळं काही करावं लागत नाही. वूस्टरशर सॉस मात्र त्यात घालू नका. तो मीटलोफच्या पाककृतींमध्ये हमखास असतो आणि त्यात अँकोव्ही, म्हणजे मासे असतात.

हिरव्या भाजीत फरसबी. देठं काढून मिठाच्या उकळत्या पाण्यात चार-पाच मिनिटं, लगेच बर्फाच्या पाण्यात, आणि वाढायच्या क्षणी लोणी-लसणावर परतून वर लिंबू. हे सकाळीही करून ठेवता येतं, फक्त परतायचं उरतं. दक्षिणेकडच्या राज्यांत फरसबी बेकन किंवा डुकराच्या नळीबरोबर तासन्‌तास शिजवतात. कुणी तशी पाककृती दिली तर तुमच्या घरी ती नको. शेजारी कदाचित ग्रीन बीन कॅसरोल सुचवतील. फरसबी, मशरूम सूप आणि वर तळलेला कांदा असा तो पदार्थ १९५५ मध्ये न्यू जर्सीतल्या कॅम्डेनला कॅम्बेल कंपनीच्या स्वयंपाकघरात डॉर्कस रायली यांनी तयार केला, आणि तो आजही थँक्सगिव्हिंगला घरोघरी होतो. मला तो मनापासून आवडतो, पण मॅश्ड पोटॅटोच्या शेजारी नाही. दोन्ही मऊ, दोन्ही साईसारखे. एकातच खरी मजा आहे.

आता आंबट, ज्याकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात. इथले पेनसिल्व्हेनिया डच लोक, म्हणजे जुन्या जर्मन वसाहतकऱ्यांचे वंशज, जेवणात गोड आणि आंबट तोंडीलावणी हवीतच असं मानतात. त्यांचं चाव-चाव म्हणजे फरसबी, फ्लॉवर, गाजर, मका वगैरे भाज्यांचं व्हिनेगरमधलं आंबटगोड लोणचं. लँकेस्टर भागातल्या बाजारांत त्याच्या बरण्या ओळीने मांडलेल्या असतात, आणि मीटलोफच्या घासाबरोबर एक चमचा घेतला की पुढचा घास पुन्हा नवा लागतो. ओहायोतही आमिश लोकांची, म्हणजे याच जर्मन परंपरेतल्या साध्या राहणीच्या ख्रिस्ती पंथाची, वस्ती मोठी आहे, तिकडच्या दुकानांत चौकशी करा. मिळालं नाही तर काकडीचे पातळ काप करून मीठ लावून ठेवा, पाणी पिळून काढा आणि व्हिनेगर, चिमूटभर साखर, शेपूची पानं घाला. दही-दाण्याच्या कुटाची आपली कोशिंबीरही इथे अगदी जमते. फक्त शेजाऱ्यांना शेंगदाण्याची ॲलर्जी नाही ना, हे बोलावतानाच विचारून घ्या. इथे तो प्रश्न कुणाला खटकत नाही.

सासूबाईंसाठी नुसत्या बाजूच्या पदार्थांवर भागवू नका. त्यांच्या ताटातही मधोमध काहीतरी हवं. मॅक अँड चीजला मी एरवी मीटलोफशेजारी जागा देत नाही, पण इथे तो त्यांचा मुख्य पदार्थ होऊ शकतो आणि बाकीचेही हौसेने घेतील. चीज घेताना लेबल वाचा. काही चीज वासराच्या जठरातल्या रेनेटने, म्हणजे दूध घट्ट करणाऱ्या घटकाने, केलेलं असतं. मायक्रोबियल किंवा व्हेजिटेबल रेनेट लिहिलेलं घ्या. भाजताना ते भांडं वरच्या कप्प्यात ठेवा, मीटलोफ खाली, म्हणजे त्याचे शिंतोडे त्यात उडणार नाहीत.

एकाच ओव्हनची काळजी करू नका. २ पाउंडांच्या मीटलोफला ३५० फॅरनहाइटला, म्हणजे साधारण १७५ सेल्सिअसला, तासभर लागतो, आणि मॅक अँड चीज त्याच तापमानाला अर्ध्या तासात होतं. ब्रसेल्स स्प्राउट्स वगैरे भाज्या खरपूस भाजायला ४२५ फॅरनहाइट लागतं, म्हणून या वेळी त्या सोडा. साडेसहाला बसायचं असेल तर पाचला मीटलोफ आत, साडेपाचला बटाटे गॅसवर आणि मॅक अँड चीज ओव्हनमध्ये. मीटलोफ थर्मामीटरने तपासा: बीफ किंवा पोर्क असेल तर मध्यभागी १६० फॅरनहाइट, टर्की असेल तर १६५. बाहेर काढल्यावर पंधरा मिनिटं हात लावू नका, नाहीतर काप तुटतात आणि रस वाहून जातो. त्या पंधरा मिनिटांत ओव्हनमध्ये डिनर रोल, म्हणजे छोटे पाव, गरम करा आणि फरसबी परतून घ्या. तोवर मॅश्ड पोटॅटोचं भांडं गरम पाण्याच्या भांड्यात झाकून ठेवा, घट्ट होणार नाहीत.

टर्की की बीफ, हेही तुमचं ठरायचंय असं दिसतं. घरात बीफ नको असेल तर टर्कीचा मीटलोफ इथे सर्रास करतात, शेजाऱ्यांना काहीच वावगं वाटणार नाही. टर्कीत चरबी कमी असते, तेव्हा मशरूमची ग्रेव्ही जरा जास्तच करा.

आणि भात: ग्लेझवाल्या मीटलोफबरोबर मोकळा भात कोरडा पडतो, गोड केचप त्याला सांभाळून घेत नाही. मशरूमची ग्रेव्ही करणार असाल तर छोट्या भांड्यात भात जरूर लावा. सासूबाईंना घरचं वाटेल, आणि शेजाऱ्यांनाही त्यावर ग्रेव्ही घेऊन बघू दे. मात्र बटाट्याऐवजी तो ठेवू नका.